मांगलीचा मंडूक

आम्हां लिंबागणेशकरांना काळ्या कातळाची सवय. विहीर खणायला घ्यावी, तर आधी माती, मग मुरूम आणि मग पहारीची धार बोथट करणारा हा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर. त्यांच्या पोटाखाली काय दडले आहे, ते आमच्या बीड जिल्ह्यात दिसायचे नाही. त्यासाठी हा कातळ जिथे सरतो, त्या पूर्व विदर्भाकडे वळले पाहिजे.

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवर मांगली नावाचे खेडे आहे. तिथल्या वालुकाश्मात एक कवटी मिळाली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचे, ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याकडून ती लंडनला पोचली. १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि प्राण्याला नाव दिले ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’: आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. डायनोसॉरांचे नामकरण करणारे ओवेन ते हेच. त्यांनी याला सरपटणाऱ्यांच्या पंक्तीला बसवले. आज त्याची गणना उभयचरांत, बेडकांच्या गणगोतात होते.

बेडूक म्हटल्यावर हसू नका, वाचकहो! हा मांसाहारी, पाण्यातला शिकारी. त्याच्या वंशातल्यांच्या दातांचा आडवा छेद घेतला, की आत चक्रव्यूहासारख्या घड्या दिसतात. मांगलीची कवटी वीतभरही नाही, पण भाऊबंद केवढे! जर्मनीतल्या मॅस्टोडॉनसॉरसची कवटी मीटरहून लांब. हे सारे सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे, पृथ्वीवरचे बहुतेक जीव नाहीसे करणाऱ्या महासंहारानंतरचे.

मांगलीच्या त्याच खडकांत इवलेसे शिंपलेही सापडतात. ते कालवांचे नव्हेत. कोळंबीच्या दूरच्या नात्यातला एक जीव दोन शिंपल्यांत अंग मिटून राहतो, त्याचे ते. त्याच्या कुळाची अंडी मोठी चिवट. डबके आटो, चिखलाची धूळ होवो, ती वर्षानुवर्षे तग धरतात आणि पाणी साचले की फुटतात.

शिकाऱ्याच्या गोत्रातले अखेरचे महाकाय ऑस्ट्रेलियात सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत टिकले. पुढे त्यांचाही निर्वंश झाला. शिंपल्यातल्या जिवाचे कूळ मात्र आजही महाराष्ट्रातल्या पावसाळी डबक्यांत जन्म घेते. दुष्काळाशी ज्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा घरोबा, अशा आम्हां मराठवाड्याच्या माणसांना त्या मोठ्या जबड्यापेक्षा या अंड्यांचे नवल अधिक वाटते.

पुढच्या पावसाळ्यात मुलांना घेऊन एखाद्या डबक्यावर जरा वाकून पाहा. बेडकांच्या पिलांच्या गर्दीत नखाएवढा शिंपला पोहताना दिसला, तर मुलांना सांगा, मांगलीच्या त्या मंडूकाच्या शेजाऱ्यांचा हा वंशज.