केडगावच्या रमाबाई आणि त्यांची पुस्तकं

आपल्या वडगावातून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. तिकडचं केडगाव आपल्या लेखी रेल्वे स्टेशनचं गाव. पाहुण्यांना गाडीवर सोडायचं, एवढाच त्याचा संबंध. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई मला शाळेत भेटल्या त्या ‘शारदा सदन कोणी स्थापन केले?’ या एका गुणाच्या प्रश्नापुरत्या. त्यांनी धर्म का बदलला, हे तेव्हा आपण कोणी विचारलंही नाही. पुढे इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी लागली, आणि फार उशिरा, चाळिशीत, 1907 साली छापलेली त्यांची ‘साक्ष’ माझ्या हाती पडली.

कुणीतरी भुलवलं असेल, असा माझा समज होता. वाचताना दिसलं ते वेगळंच. ही बाई एकेका पुस्तकाशी झगडत पुढे गेली आहे. कोलकात्याच्या पंडितांनी 1878 साली जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, तिला आसामात सिल्चरला नवऱ्याच्या घरी लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. नवरा 1882 साली गेला. पुढच्या वर्षी ती इंग्लंडला पोचली. काशीचे नीलकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहम्या गोरे, यांच्या लिखाणाने तिचं मन वळवलं आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला मुलीसह तिचा बाप्तिस्मा झाला. पण तरीही सगळं मान्य नव्हतंच. मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी तिने पत्रांतून केलेला वाद मुळातून वाचावा असा आहे. जे स्वतःला पटत नाही ते कुणाच्या अधिकारावर ती मानायला तयार नव्हती.

आठ वर्षांनी विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र तिच्या वाचनात आलं. हा गृहस्थ कित्येक वर्षं चर्चचा अधिकारी होता आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाने त्याचे डोळे उघडले! ते वाचून रमाबाईंना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झालेल्या विदुषीने हे छापून कबूल करावं, याचं मला आजही नवल वाटतं. पुढे जॉर्ज म्यूलर, जॉन पेटन यांची चरित्रं वाचून त्यांनी ठरवलं, की आपलं कामही देवावर भरवसा ठेवूनच चालवायचं.

1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, तेव्हा त्या मुली केडगावच्या माळावर आल्या. आणि इथे रमाबाईंना वेगळीच अडचण दिसली. मराठी बायबल होतं, पण नुकती अक्षरओळख झालेल्या बाईला त्यातली संस्कृतप्रचुर भाषा कळत नव्हती. मग त्यांनी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून स्वतः भाषांतर करायला घेतलं. जिचं बालपण संस्कृत पाठ करण्यात गेलं, तीच आता जड संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत होती. मुक्तीतल्याच छापखान्यात आश्रमातल्या बायका-मुली खिळे जुळवत, पानं छापत. म्हणजे ज्यांच्यासाठी पुस्तक, त्यांच्याच हातून ते तयार होत होतं. भाषांतर शब्दशः आहे, कुठे कुठे अडखळतं, हे खरं. मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचीच प्रत रूढ राहिली. पण मजकूर वाचणाऱ्याला कळेल का, हा प्रश्न इतक्या गंभीरपणे घेणारे लोक मला आमच्या क्षेत्रातही फार भेटलेले नाहीत.

1921 साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाईंनी काम थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि मगच त्यांनी डोळे मिटले, असं सांगतात. संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर आलं.

गुरुजनहो, मैत्रिणींनो, मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाला वेळ असेल तर नदीपलीकडे जाऊन येऊ. सकाळी लवकर निघालो तर जेवायला परत.