पॅच व बदलनोंद
पॅच व बदलनोंद : संगणकाच्या आज्ञावलीत केलेल्या बदलांचा तेवढाच उतारा म्हणजे पॅच (शब्दशः ठिगळ) व तो बदल का केला, याचे कर्त्याने लिहिलेले निवेदन म्हणजे बदलनोंद (कमिट मेसेज) होय.

लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये ‘पॅच’ ही आज्ञावली प्रसृत केली. पत्रातील प्रास्ताविक मजकूर वगळून ती केवळ बदल मूळ संहितेत बसवी. त्यामुळे कारणमीमांसा पत्रातच राही. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सच्या विकासात पॅच मुख्यतः ई-मेलने येत. एखादी ओळ कोणी व का घातली, हे पुढे जुन्या पत्रांतून शोधावे लागे. पॅच देण्याचा आपणास अधिकार आहे, अशी ग्वाही देणारी नामनिर्देशाची ओळ २००४ पासून नोंदीत येऊ लागली.

लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट ही प्रणाली निर्माण केली. तिच्यातील ‘फॉरमॅट-पॅच’ आज्ञेने नोंदीची पहिली ओळ पत्राचा विषय बनते, उर्वरित नोंद मजकुरात येते आणि तीन आडव्या रेघांच्या ओळीखाली बदल येतो. त्या ओळीखालील टिपणे इतिहासात जात नाहीत. ‘एएम’ आज्ञा प्रेषक, दिनांक व नोंद पत्रातून वाचून घेते आणि बदलाचा कर्ता व स्वीकारकर्ता यांची नावे स्वतंत्रपणे नोंदविते. ‘अप्लाय’ आज्ञा मात्र केवळ बदल बसविते, नोंद गळते.

परभणीहून पाठविलेला पॅच परदेशातील संपादकाने स्वीकारला, तरी मूळ कर्त्याचे श्रेय व हेतू या पद्धतीने टिकून राहतात. बदल काय झाला, हे दोन संहितांच्या तुलनेवरून केव्हाही काढता येते. त्यामागील कारण मात्र नोंदीवाचून कळत नाही.