रायगडावरचा दुभाषी

आमच्या कर्जत-खालापूर भागात उंबरखिंडीचे नाव ऐकले नाही असे पोर सापडणार नाही. १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी तेथे कारतलबखानाची कोंडी केली. पण खिंड जिंकून महाराज दक्षिण कोकणात उतरले आणि राजापूरची इंग्रजांची वखार लुटली गेली, ही पुढची हकीकत सहसा कोणी सांगत नाही. आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली होती, त्याचे हे प्रायश्चित्त! वखारवाले कैदेत पडले आणि नुकसानभरपाईचे घोंगडे तेरा वर्षे भिजत पडले. ते मिटले शेवटी रायगडावर, १६७४ साली. आणि मिटले ते तलवारीने नव्हे, बोलण्याने. त्या बोलण्यातला इंग्रजांचा दुभाषी होता नारायण शेणवी.

इकडचे शब्द तिकडे पोचवले की दुभाष्याचे काम संपले, असे आपल्याला वाटते. नारायणाचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. राज्याभिषेकापूर्वीच तो रायगडी येऊन निराजीपंतांशी बोलणी करीत होता. पुढे मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन पाचाडास पोचला, तेव्हा महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेलेले. देवदर्शनापुढे वकिलाने थांबायचे असते, ही इथली रीत परक्याला समजावणे हीही दुभाषेगिरीच.

६ जून उजाडला. दरबार खचाखच भरलेला. ऑक्झेंडनने दुरूनच मुजरा केला. तेव्हा नारायणाने काय करावे? नजराण्याची हिऱ्याची अंगठी त्याने हात उंचावून वर धरली. महाराजांची नजर गेली आणि त्यांनी पाहुण्यांना थेट सिंहासनाच्या पायरीशी बोलावले. एक शब्द न उच्चारता नारायणाने भाषांतर केले होते!

खरी कसोटी मात्र तहाच्या कलमांत होती. आपले नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, अशी इंग्रजांची मागणी होती. महाराजांचे उत्तर असे की, कोणतेही नाणे आम्ही अडवीत नाही. पण ज्यात रयतेचे नुकसान, ते घेण्याची सक्तीही करणार नाही. किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल परत मिळावा, या मागणीलाही नकार मिळाला. राजापूरच्या भरपाईपोटी दहा हजार होन मात्र मान्य झाले.

आता वाचकहो, विचार करा. चाकरी इंग्रजांची, बोली इथली, आणि समोर छत्रपती. असा नकार धन्यापुढे गोड करून सांगितला असता, तर तह त्या दिवशी झालाही असता. पण वर्षभरात मोडला असता. ‘नाही’ हे ‘नाही’ म्हणूनच पोचवावे लागते. दुभाष्याची इमानदारी दोन्ही बाजूंना सारखीच लागू असते.

१९४५ साली न्यूरेंबर्गच्या खटल्यात चार भाषांचे दुभाषे कानाला यंत्रे लावून बसले. आज संयुक्त राष्ट्रसंघात सहा भाषांत कारभार चालतो. साधने बदलली, जोखीम तीच राहिली.

राज्याभिषेकाचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्यात सिंहासनापुढे वाकलेला टोपीवाला मुले चटकन ओळखतात. या दिवाळीत त्यांना एवढेच सांगा, की त्या साहेबाला तिथवर नेणारा एक मराठी बोलणारा माणूस होता, आणि त्याचे नाव नारायण शेणवी.