पहिला विषारी साप कोणता पाळावा? पोरांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर

नांदेड/लातूर : पावसाळा लागला की सोयाबीनच्या रानात, आखाड्यावर, कडब्याच्या गंजीखाली साप निघतोच. पूर्वी माणसं काठी घेऊन पळायची, आता पोरं मोबाईल घेऊन पळतात. साप बरणीत घालायचा, दोन-चार दिवस घरात ठेवायचा आणि रील टाकायची. त्यातूनच प्रश्न निघतो, पाळायचाच म्हटलं तर पहिला साप कोणता बरा?

अमेरिकेतल्या काही राज्यांत विषारी साप पाळता येतो. तिथे नवख्याला बहुतेक वेळा कॉपरहेड नावाचा साप सुचवतात, कारण तो चावला तरी माणूस सहसा मरत नाही. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांत असा शिकाऊ साप एकही नाही.

नाग पोरांना सोपा वाटतो, कारण फणा काढून आधी इशारा देतो. पण पिंजऱ्यात हात घालताना तो इशारा देईलच असं नाही. गारुड्यासारखे दात पाडले तरी काही दिवसांत नवे येतात. आणि तो दूध पीत नाही, हेही एकदाचं लक्षात घ्यावं.

मण्यार सगळ्यात फसवा. दिवसा गोळा होऊन गरीब पडतो, रात्री तोच चपळ होतो. चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. इंजेक्शन दिलं तरी कित्येकांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. बिनविषारी कवड्या समजून मण्यार उचलणारे पण आहेत. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट असतात, मण्यारचे उलट. पण हा फरक हातात धरून तपासायचा नसतो.

घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. तिला अजगराचं पिल्लू किंवा डुरक्या समजून पकडतात. दात इतके लांब की पोत्यातून सुद्धा चावते. मानेला धरली तरी दात वळवून बोटात घुसवते. रक्त गोठत नाही, किडनी जाते, डायलिसिसची पाळी येते. ती अंडी न घालता एका वेळी २०-४० पिल्लं देते आणि पिल्लू जन्मापासून विषारी असतं. म्हणजे बरणीत एक ठेवली आणि सकाळी तीस निघाल्या, असंही होऊ शकतं.

फुरसं वीतभर-हातभर, म्हणून कमी समजू नये. माळरानावर दगडाखाली असतं आणि डसण्यात फार चपळ.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दात जिवंत प्राणी पकडणंही येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात नाग आणि घोणस अनुसूची १ मध्ये आहेत. गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ ते ७ वर्षं कैद आणि २५ हजारांच्या पुढे दंड. हौसेला परवाना मिळत नाही. सर्पमित्रालाही साप घरी ठेवता येत नाही. स्वतःची रील हाच स्वतःविरुद्ध पुरावा होतो, हे पोरांच्या ध्यानात येत नाही.

मग साप ठेवतं कोण? पुण्यात कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान आहे. ते उभं करणारे नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले होते. तमिळनाडूत इरुळा आदिवासींची सहकारी संस्था १९७८ पासून परवान्याने साप पकडते, काही आठवडे ठेवून विष काढते आणि साप परत सोडते. त्या विषापासून घोड्याच्या रक्ताच्या मदतीने प्रतिविष तयार होतं. तेच आपल्या दवाखान्यात येतं आणि वरच्या चारही सापांवर चालतं.

चावलाच तर बांधू नये, चिरू नये, मांत्रिकाकडे थांबू नये. हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालय गाठावं. सर्पदंशावर आपल्या भागात मोठं काम झालेलं आहे. मुखेडच्या डॉ. दिलीप पुंडे यांचा १० वर्षांच्या अनुभवावरचा लेख २००५ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात आला. साप मारून किंवा पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नाही, लांबून काढलेला फोटो पुरे.

घरात साप निघाला तर पोरं-जनावरं बाजूला घ्यावीत, सापावर लांबून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.