जामखेडच्या आरोग्यसेविका आणि घरातले प्रथमोपचार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेलगत असलेला जामखेड तालुका वारंवार दुष्काळ सोसणारा असून, प्रथमोपचारांचे, म्हणजे वैद्यकीय मदत मिळेपर्यंत रुग्णाला सावरणाऱ्या उपायांचे, ज्ञान खेड्यातील घराघरांत कसे रुजले याचा अत्यंत बोलका इतिहास येथे घडला. ब्रिटिश अमदानीत असे शिक्षण सेंट जॉन अॅम्ब्युलन्ससारख्या संस्था मुख्यतः रेल्वे, पोलीस अशा संघटित वर्गांना देत. शेतात राबणाऱ्या स्त्रीपर्यंत ते पोहोचले नाही.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1960 च्या दशकात नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करीत असताना, रुग्णालयात येणारे बहुतेक आजार गावातच टाळता येण्याजोगे आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तो गुरांच्या एका जुन्या दवाखान्याच्या जागेत. खेड्यात मुक्कामी राहायला प्रशिक्षित परिचारिका राजी होईनात, तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकवावे असा मार्ग निघाला, आणि पुढची सारी वाटचाल या एका निर्णयावर उभी राहिली. या ग्राम आरोग्यसेविकांपैकी अनेकींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, कित्येक दलित समाजातील होत्या; त्या नियमाने जामखेडला येत, शिकलेले गावात करून पाहत आणि आलेल्या अडचणी पुढच्या खेपेला मांडत.

त्यांना शिकवले गेले ते कोणत्याही स्वयंपाकघरात करता येण्यासारखे होते. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडण्याची आणि अंगावरचे दूध थांबवण्याची रीत तेव्हा सर्वदूर होती, आणि मूल दगावे ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्यामुळे, म्हणजे शुष्कतेमुळे. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ शोषून घेते आणि मिठामागून पाणीही रक्तात जाते, या तत्त्वावरील जलसंजीवनीची परिणामकारकता डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत दाखवून दिली होती. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे तिचे घरगुती प्रमाण. बाळंतपणाचेही तसेच: नाळ विळ्याने कापून तिला शेण किंवा राख लावल्यास नवजात बाळाला धनुर्वात होतो, हे एकदा पटले की स्वच्छ धुतलेले हात, नवे पाते आणि उकळलेला दोरा यांची तयारी दिवस भरण्याआधीच करून ठेवता येते. घरातील आरोग्याची पूर्वतयारी म्हणतात ती हीच, आणि तिला लागणारा खर्च अगदी थोडा.

हे ज्ञान सेविकेपुरते राहिले असते तर तिच्यासोबतच संपले असते. ते महिला मंडळांत, शेतकरी मंडळांत आणि पुढे किशोरवयीन मुलींच्या गटांत गेले. उद्या ज्यांच्या हाती घर येणार त्या मुलींनी रक्तक्षय, मासिक पाळी आणि बालसंगोपन यांविषयी लग्नाआधीच जाणून घ्यावे, हा त्यामागील विचार दूरदृष्टीचा होता. 1972 च्या दुष्काळात प्रकल्पाने सामुदायिक स्वयंपाकघरे आणि कूपनलिका यांना औषधांइतकेच महत्त्व दिले, कारण उपाशी मुलाला गोळीचा उपयोग होत नाही. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे आरंभी हजार जन्मांमागे 176 असलेला बालमृत्युदर दोन दशकांत कितीतरी पट खाली आला.

जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये लोकसहभागाच्या आरोग्यसेवेवर काढलेल्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला, आणि आरोळे दांपत्याला 1979 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शासनाने 1977 मध्ये देशभर आरोग्यसेवक योजना आणली खरी, परंतु तीत निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, आणि घरातील बाळंतपणापर्यंत त्यांची पोच नव्हती. 2005 नंतरच्या ‘आशा’ योजनेने हे काम पुन्हा स्त्रियांकडे सोपवले, मात्र सर्वसाधारण निकष म्हणून आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट घातली. त्या अटीने जामखेडच्या पहिल्या पिढीतील अनेक निरक्षर सेविका निवडीतच बाद झाल्या असत्या.