राजा आर्थर : प्रत्येक पिढीचा वेगळा

दगडात रुतलेली तलवार सहज उपसणारा किशोर, त्याचा गुरू जादूगार मर्लिन, गोलमेजाभोवती बसणारे शूर सरदार आणि अखेरच्या युद्धातील सर्वनाश अशा प्रसंगांनी गुंफलेली राजा आर्थरची कथा ब्रिटनमध्ये शतकानुशतके सांगितली जात आहे. असा राजा खरोखर होऊन गेला, याचा समकालीन पुरावा मात्र नाही. ही पोकळीच आधुनिक लेखकांच्या पथ्यावर पडली. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत त्यांनी आपापल्या काळाचे प्रश्न या राजासमोर मांडले आणि उत्तरादाखल प्रत्येक वेळी वेगळा आर्थर उभा केला.

मुळात मध्ययुगातील आर्थरही एकसंध नव्हता. नवव्या शतकातील 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या लॅटिन ग्रंथात तो सॅक्सनांविरुद्ध बारा लढाया जिंकणारा सेनानी आहे. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने त्याला दिग्विजयी राजाचे वैभव दिले, तर फ्रेंच भाषेतील कवींनी गोलमेज आणि सरदार लान्सलॉट यांची भर घातली. थॉमस मॅलरीने ही सारी सामग्री इंग्रजी गद्यात एकत्र आणली. विल्यम कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलेला हा ग्रंथ पुढील बहुतेक लेखकांचा आधार ठरला.

एकोणिसाव्या शतकात टेनिसनने 'आयडिल्स ऑफ द किंग' ही काव्यमाला लिहिली. तिचे भाग १८५९ ते १८८५ या काळात प्रसिद्ध झाले. त्यातील आर्थर निष्कलंक व कर्तव्यदक्ष आहे. राज्याच्या ऱ्हासाचा मोठा दोष राणी ग्विनिव्हिअरच्या माथी येतो. व्हिक्टोरियन नीतिकल्पनांचे हे प्रतिबिंब होते. अमेरिकेच्या मार्क ट्वेनने १८८९ मध्ये या आदर्शाची खिल्ली उडविली. त्याच्या कादंबरीत एक अमेरिकी कारागीर सहाव्या शतकातील आर्थरच्या दरबारात पोहोचतो आणि तेथे कारखाने व तारयंत्रे उभारतो. शेवटी विजेच्या तारा आणि यांत्रिक बंदुका हजारो सरदारांचा बळी घेतात. सरंजामशाहीवरील उपहास अशा रीतीने आधुनिक यंत्रशक्तीवरही उलटतो.

विसाव्या शतकात या कथेला सर्वाधिक लोकप्रियता मिळवून देणाऱ्यांत टी. एच. व्हाइट यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १९०६ मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या कादंबरीमालेचा पहिला भाग १९३८ मध्ये आला आणि १९५८ मध्ये 'द वन्स अँड फ्यूचर किंग' हा एकत्रित ग्रंथ प्रसिद्ध झाला. मर्लिन बालआर्थरला मासा, पक्षी आणि मुंगी बनवून राज्यकारभाराचे धडे देतो. 'बळी तो कान पिळी' हा न्याय मोडून बळाला न्यायाच्या कामी जुंपण्यासाठी हा आर्थर गोलमेज स्थापन करतो. पण ज्या शस्त्रबळाला वळण लावायचे, तेच अखेर त्याच्यावर उलटते. दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत लिहिलेला युद्धविरोधी पाचवा भाग 'द बुक ऑफ मर्लिन' लेखकाच्या निधनानंतर १९७७ मध्ये प्रकाशित झाला.

पुढे कथनाचा अधिकारच बदलला. रोझमेरी सटक्लिफ यांनी 'स्वोर्ड अ‍ॅट सनसेट' या १९६३ च्या कादंबरीत जादू बाजूला सारून रोमन सत्ता मावळल्यानंतरचा सेनानी रंगविला. मॅरियन झिमर ब्रॅडली यांच्या १९८३ मधील 'द मिस्ट्स ऑफ अ‍ॅव्हलॉन'मध्ये आजवर खलनायिका ठरलेली मॉर्गन आणि इतर स्त्रिया केंद्रस्थानी आल्या. बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या १९९५ पासूनच्या कादंबरीत्रयीत एक वृद्ध योद्धा आठवणी सांगतो. ख्यातीमागचा चिखल आणि रक्त त्यातून दिसते.

काझुओ इशिगुरो यांच्या २०१५ मधील 'द बरीड जायंट'मध्ये तर आर्थर हयातच नाही. देशावर विस्मृतीचे धुके आहे आणि त्याखाली त्याच्या सैन्याने केलेली सॅक्सनांची कत्तल दडलेली आहे. धुके विरले तर सत्य उजेडात येईल, पण सूडही जागा होईल. जुन्या दंतकथेत देशाचा तारणहार असलेला राजा येथे एका न फेडलेल्या हिशेबाचा धनी ठरतो. विसरून मिळालेली शांतता टिकवावी की स्मरणाची किंमत मोजावी, हा प्रश्न मागे ठेवूनच ही कादंबरी संपते.