जागा

‘साहेब जागेवर नाहीत’ या वाक्यातली जागा म्हणजे कचेरीतले एका माणसाचे टेबल, खुर्ची आणि भोवतालचा हातभर परिसर. सामान कार्यालयाचे, जागा मात्र माणसाची. ‘डेस्क’ या शब्दात ही मालकी नाही.

शब्द फारसी. मूळ ‘जायगाह’. त्यातल्या ‘जाय’ किंवा ‘जा’चा अर्थ ठिकाण, आणि ईदगाहमधल्या ‘गाह’चाही तोच. ‘बेजा’तला ‘जा’ही हाच: जे आपल्या ठिकाणी नाही ते बेजा. झोपेतून उठलेला ‘जागा’ मात्र संस्कृत ‘जागृ’च्या कुळातला, त्याचे याच्याशी नाते नाही.

मराठीत या शब्दाने बराच पसारा मांडला. घर बांधायची जमीन ती जागा, भरतीच्या जाहिरातीतले पद ती जागा, विधानसभेतलीही जागाच. ‘त्यांच्या जागी कोण आले?’ या प्रश्नात पद आणि खुर्ची दोन्ही एकाच वेळी असतात. कन्नडमध्ये तो ‘जाग’ झाला. बेंगळुरूच्या बसमध्ये ‘जाग इदेया?’ ऐकणाऱ्या कोल्हापूरकराला अर्थ विचारावा लागत नाही.

त्याच शहरातल्या कंपन्यांत ‘क्युबिकल’ही चालतो. त्याचे मूळ लॅटिन ‘क्युबिक्युलम’ म्हणजे निजायची खोली; घनाकृती ‘क्यूब’वरून तो आलेला नाही. हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीने 1968 मध्ये रॉबर्ट प्रॉप्स्ट यांची ‘ॲक्शन ऑफिस’ ही हलत्या पडद्यांची मांडणी बाजारात आणली. माणसाला मोकळेपणा मिळावा हा त्यांचा हेतू होता, पण खर्च वाचवण्याच्या नादात कंपन्यांनी तिचे कोंदट खुराडे केले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1985 मध्ये बेंगळुरूत केंद्र उघडले. पुढे परदेशी कंपन्यांची रीघ लागली आणि अशी मांडणी शहरात रुळली.

कप्प्यात मावेल एवढे जग तिथे उभे राहते: पडद्याला टाचलेला मुलाचा फोटो, संगणकाच्या कडेला बोटभर उंचीचा गणपती, खुर्चीच्या पाठीवर टाकलेले स्वेटर. स्वेटर दिसले की माणूस इमारतीत आहे असे शेजारी ओळखतात. 2020 नंतर अनेक कार्यालयांत ठरलेले टेबलच राहिले नाही. सकाळी ॲपवर टेबल राखून ठेवायचे, संध्याकाळी गणपतीसकट सगळे लॉकरमध्ये.

‘वर्कस्टेशन’ला ‘कार्यस्थानक’ असा प्रतिशब्द घडवण्याची गरज नाही. रोज वेगळ्या टेबलावर बसणारा मराठी माणूसही सहकाऱ्याला फोनवर सांगतो, ‘जागेवरच आहे, ये.’